ऐकूं येतें, पण पोंचत नाहीं

गेल्या महिन्यांत एका भगिनीचें सात पानीं पत्र आलें. खालीं नांव नाहीं, गांव नाहीं. उत्तर मात्र याच पानावर द्यावें असा आग्रह आहे, आणि त्याचें कारणहि तिनें प्रांजळपणें लिहिलें आहे. अंक घरीं आला कीं प्रथम मामंजी वाचतात, मग सासूबाई, मग मोठ्या जाऊबाई, आणि शेवटीं दुपारीं केव्हां तरी तो हिच्या हातीं येतो. "मीं सांगितलेलें कोणास पटत नाहीं; छापून आलेलें कदाचित् पटेल," असें तिचें वाक्य आहे. तेव्हां आजचें हें पान त्या घरांतील वडील मंडळींनीं वाचावें एवढ्याच हेतूनें लिहितें आहें. इतरांनीं बाजूला बसून ऐकलें तरी चालेल.

घर अकरा माणसांचें आहे. त्यांत मुलें दोन : मोठ्या जाऊबाईंचा मुलगा नऊ वर्षांचा, हिचा आठ वर्षांचा. येत्या वैशाखांत दोघांची जोडमुंज करावी असें दिवाळींतच ठरलें होतें. मध्यंतरीं माघी गणपतीला घरीं अथर्वशीर्षाचीं आवर्तनें झालीं. हा धाकटा तेवढ्या वेळांत नऊ वेळां उठला, गुरुजींच्या पोथीवर पंचपात्रींतलें पाणी सांडलें, आणि शेवटीं निरांजन उलथें केलें. भाजलें कोणास नाहीं. परंतु त्याच रात्रीं वडील मंडळींची बैठक होऊन असें ठरलें कीं, मुंज मोठ्याचीच करावी; धाकट्याचें "जरा सुधारला म्हणजे" पाहतां येईल; चार पाहुण्यांत शोभा नको. दाराआड उभें राहून हें बोलणें मुलानें ऐकलें. अंथरुणांत पडल्यावर त्यानें आईस विचारलें, "आई, मी सुधारलोंच नाहीं तर ग?"

पत्राचें सहावें पान येथें संपतें. सातव्या पानावर एकच प्रश्न आहे : माझें काय चुकलें?

शहरांतील बालमानसतज्ज्ञांनीं दोनदां मुलाला तपासून, शाळेकडून प्रश्नावली भरून घेऊन, निदान केलें आहे. अवधानाची उणीव व अतिचंचलता, ज्याला हल्लीं सर्वत्र ए. डी. एच. डी. या आद्याक्षरांनीं ओळखतात. घरांतील मत असें कीं, हें नवें खूळ आहे. आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें. आईनें लाड केले, हातीं मोबाईल दिला, आणि आतां डॉक्टरांकडून त्याला इंग्रजी नांव आणलें.

वडिलांच्या या "आमच्या वेळीं" विषयींच प्रथम लिहितें. मीहि त्यांच्याच वयाची आहें, म्हणून एवढी मोकळीक घेतें. नांव नवें आहे, मूल नवें नाहीं. १७९८ सालीं अलेक्झांडर क्रायटन नांवाच्या स्कॉटिश डॉक्टरानें, अवधान कशावरहि स्थिर राहत नाहीं अशा अवस्थेचें वर्णन आपल्या ग्रंथांत करून ठेवलें आहे. पुढें सुमारें पन्नास वर्षांनीं फ्रँकफुर्टच्या हाइन्रिख हॉफमन या डॉक्टरानें मुलांसाठीं केलेल्या सचित्र पद्यांत एक फिलिप येतो. तो जेवणाच्या वेळीं खुर्ची झुलवीत बसतो आणि शेवटीं मेजावरच्या कापडासकट सारें जेवण खालीं ओढतो. आपल्याकडे तो पाटावर बसता, तर ताकाचें भांडें त्याच्याच हातून लवंडलें असतें. १९०२ सालीं लंडन येथें जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानें तेथील डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजांत व्याख्यानें देऊन अशा मुलांचीं उदाहरणें मांडलीं. बुद्धि शाबूत असून हीं मुलें स्वतःस आवरूं शकत नाहींत, हें त्यानें नेमकें पाहिलें. परंतु नांव देतांना त्यालाहि 'नीतीच्या नियमनांतील दोष' याहून बरा शब्द सुचला नाहीं. एवढ्या मोठ्या डॉक्टरची ही गत, तर आपल्या आजोबांनीं 'द्वाड' म्हटलें यांत नवल तें काय?

आमच्या वेळीं हीं मुलें होतींच. त्यांना द्वाड, धांदरट, वेंधळा, पायाला भिंगरी लागलेला अशीं नांवें होतीं, आणि दोनदां नापास झालीं म्हणजे त्यांना कोणा मामाच्या दुकानांत धाडीत. प्रत्येक घराच्या वंशावळींत असा एखादा काका निघतो. त्याला कारणहि आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असें दिसून आलें आहे कीं, या अवस्थेंत अनुवंशाचा वाटा सुमारें तीन चतुर्थांश असतो. उंची जशी घराण्यांत उतरते, जवळजवळ तशीच ही उतरते. हें लिहितांना मला थोडी भीतिहि वाटते. कारण याचा उपयोग "मग तें हिच्या माहेरूनच आलें" असें ठरविण्याकडे व्हावयाचा! तेव्हां सासूबाईंना माझी विनंति आहे कीं, त्यांनीं आधीं आपल्या यजमानांचा चष्मा आज सकाळपासून किती वेळां हरवला तें मोजावें.

लाडानें हें होत नाहीं आणि मारानें जात नाहीं. मोबाईलचें म्हणाल, तर त्यानें झोप बिघडते आणि बिघडलेल्या झोपेनें चंचलता वाढते, म्हणून तो मर्यादेंतच असावा. पण स्टिलची व्याख्यानें झालीं त्यानंतर मोबाईल आपल्या घरांत येण्यास जवळजवळ शंभर वर्षें लोटलीं. त्या आईचें काय चुकलें, याचें उत्तर हें असें आहे. तिचें कांहीं चुकलेलें नाहीं. तिनें तर मुलाला घेऊन, घरच्यांचा रोष पत्करून, योग्य दारीं जाऊन पोंचण्याचें काम एकटीनें केलें.

मग या मुलाला होतें तरी काय? एक सकाळ घेऊं. साडेसहा वाजले आहेत. आई ओट्यापाशीं, डब्याच्या घाईंत. ती तेथूनच म्हणते, "दांत घास, आंघोळीला जा, आणि जातांना दोरीवरचा पंचा घे." आजोबा वर्तमानपत्रामागून म्हणतात, "आधीं सूर्यनमस्कार." काकू म्हणते, "दप्तर भरलेंस का रे?" आजी देवघरांतून म्हणते, "देवाला नमस्कार केलास का?" मूल आज्ञाधारकपणें न्हाणीघराकडे निघतें. वाटेंत खिडकीवर खारूताई दिसते. वीस मिनिटांनीं आई येऊन पाहते, तों स्वारी एका पायांत मोजा घालून खिडकीशीं उभी! "किती वेळां सांगितलें तुला!" असें आई ओरडते, आणि आजी मागून म्हणते, "तुझा धाकच नाहीं त्याला."

कान उत्तम आहेत. तपासून घेतले आहेत. पण ऐकलेलें क्षणभर मनांत धरून ठेवण्याची जी जागा असते ती या मुलांत अरुंद असते. चार मुखांतून सहा आज्ञा आल्या. चवथी आंत शिरतांना पहिली बाहेर पडली. खारूताई तुम्हांआम्हांलाहि दिसते, परंतु आपल्या मनाला लगाम आहे. तो खेंचून आपण न्हाणीघराकडे वळतों. या मुलांचा लगाम ढिला असतो. शिवाय वेळाचा अंदाज नसतो. त्याच्या हिशेबीं तो खिडकीशीं क्षणभरच थांबला होता. म्हणून मी म्हणतें कीं, त्याला ऐकूं येतें, पण पोंचत नाहीं.

यावर प्रत्येक घरांत एकच आक्षेप निघतो. "अहो, पण ठोकळे जोडावयाचे असले म्हणजे दोन तास जागचा हलत नाहीं! मनांत असलें कीं बरोबर बसतो." तें खरें आहे, आणि या अवस्थेचें लक्षणहि तेंच आहे. अवधान त्याच्यापाशीं पुष्कळ आहे; हवें तेव्हां, हवें तेथें तें नेतां येत नाहीं. जें काम नवें, आवडीचें, ज्याचें फळ हातोहात दिसतें, त्याला तें आपोआप चिकटतें. शुद्धलेखनाच्या दहा ओळींवर तें ओढून आणावें लागतें, आणि ओढण्याची शक्ति अजून पुरती आलेली नसते. अमेरिकेंतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, अशा मुलांच्या मेंदूचें बाह्य पटल इतरांप्रमाणेंच, त्याच क्रमानें पक्व होतें, पण सरासरी तीन वर्षें मागून. आणि हा उशीर कपाळामागील भागांत, म्हणजे आवरण्या-सांवरण्याचें काम जेथें चालतें तेथें, सर्वांत अधिक. म्हणून आठ वर्षांच्या अशा मुलाकडून बसण्याची अपेक्षा पांच-साडेपांच वर्षांच्या मुलाएवढीच ठेवावी, असें मी विचारणाऱ्यांस सांगत असतें. बुद्धीची अपेक्षा मात्र आठ वर्षांचीच ठेवावी. वय वाढतें तशी पुष्कळांची धांवपळ ओसरते. विसरभोळेपणा व कामें अर्धवट टाकण्याची खोड अनेकांत मोठेपणींहि राहते.

हें सर्व मी आज शहाणपणानें सांगतें आहें खरी, पण मला तें फार उशिरां कळलें. एकतीस वर्षें मीं एका मराठी शाळेंत शिकविलें. पांचवीच्या वर्गांत एक मुलगा होता. बांकावर सरळ बसला असा तो मला आठवत नाहीं. प्रश्न पुरा होण्याआधीं उत्तर द्यावयाचा, आणि तें बहुधा बरोबर असावयाचें. वही मात्र सदा घरीं राहिलेली. वर्षांतले निम्मे तास मीं त्याला वर्गाबाहेर उभें केलें असेल. प्रगतिपुस्तकावर 'हुशार आहे, पण प्रयत्न करीत नाहीं' असा शेरा मीं स्वतःच्या हातानें लिहिला, आणि त्या वेळीं तो मला मोठा समतोल वाटला होता.

कांहीं वर्षांपूर्वीं एका लग्नांत तो मला भेटला. पाया पडला. त्याचें विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचें दुकान आहे. त्याच्या मुलीला डॉक्टरांकडे नेलें असतां, तिच्याविषयींचे प्रश्न ऐकतां ऐकतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, यांतील प्रत्येक उत्तर आपलेंहि आहे. वय बेचाळीस. "बाई," तो म्हणाला, "तुमचा तो शेरा मला अजून पाठ आहे. मी खरोखर प्रयत्न करीत होतों." तक्रारीचा सूर त्यांत मुळींच नव्हता. लगेच उठून त्यानें माझ्यासाठीं आईस्क्रीम आणलें. तें मला घशाखालीं उतरेना.

त्याची ती मुलगी धांवत नाहीं, कांहीं पाडीत नाहीं. वर्गांत खिडकीबाहेर पाहत गप्प बसते. मुलींत ही अवस्था पुष्कळदां अशी अबोल असते, तिचा कोणास त्रास नाहीं, म्हणून ती कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं, आणि पुढें दहावीच्या सुमारास "एकाएकीं काय झालें हिला?" असें आपण म्हणतों.

मात्र प्रत्येक चुळबुळणारें मूल या सदरांत घालूं नये, हेंहि येथेंच सांगून ठेवतें. लक्षणें बारा वर्षांच्या आंत दिसूं लागलेलीं असावीं, निदान सहा महिने टिकावीं, आणि घर व शाळा अशा दोन ठिकाणीं तरी आढळावीं. नुसत्या शाळेंतच त्रास असेल तर शाळेंत काय बिघडलें आहे तें आधीं पाहावें. डोळे, कान, झोप, रक्तांतील लोह यांची तपासणी प्रथम करावी. घोरणारें मूल दिवसां चंचल दिसतें. वर्गांत जें वयानें सर्वांत लहान असतें त्यालाहि हें नांव चुकून लावलें जातें, असें अनेक देशांतील पाहणींत दिसून आलें आहे. ज्या मुलाला बोलणें उशिरां आलें, जें नजर देत नाहीं, एकाच खेळांत तासन् तास रमतें, त्याची अडचण निराळी असूं शकते आणि तिचे उपायहि निराळे. म्हणून निदान तज्ज्ञानेंच करावें. शेजारणीनें नव्हे, आणि माझ्यासारख्या लेखिकेनें तर नव्हेच.

आतां घरानें करावयाचें काय? एकत्र कुटुंबाला या बाबतींत एक मोठा शाप आहे आणि एक मोठें वरदान आहे. शाप म्हणजे चार मुखें. वरदान म्हणजे आठ हात. विभक्त घरांतील आई कामावरून दमून येते, तिच्याजागीं उभें राहणारें कोणी नसतें. आपल्याकडे माणसें आहेत. फक्त तीं एका वेळीं एकच असावींत. सकाळच्या त्या तासांत मुलाशीं एकाच माणसानें बोलावें. आई ओट्यापाशीं असेल तर तें काम आजोबांनीं घ्यावें. पण घेतलें कीं इतरांनीं, आजींनींसुद्धां, तोंडाला कुलूप लावावें. आज्ञा दुरून फेंकूं नये. जवळ जावें, खांद्यावर हात ठेवावा, नांव घ्यावें, डोळ्यांत पाहावें, एकच गोष्ट सांगावी, आणि ती त्याच्या तोंडून म्हणवून घ्यावी. "आंघोळीला जातोस का?" असें विचारूं नये, त्याचें उत्तर 'नाहीं' हेंहि असूं शकतें! "आतां आंघोळ," एवढें पुरे. तें झालें कीं पुढची गोष्ट. न्हाणीघराच्या दारावर सकाळच्या पांच कामांचीं पांच चित्रें ओळीनें चिकटवावीं. चित्र विसरत नाहीं, रागावत नाहीं, आणि सासूसुनेंत कोणाची बाजूहि घेत नाहीं. वेळ डोळ्यांना दिसावा म्हणून वाळूचें घड्याळ ठेवावें.

झालेल्या कामाची शाबासकी तेथल्या तेथें द्यावी. आमच्या परिचयाच्या एका घरांत आजींनीं एका बरणींत चिंचोके टाकण्याची युक्ति काढली. सांगितलेलें काम दुसऱ्यांदा न सांगतां झालें कीं एक चिंचोका. दहा झाले कीं आजोबांबरोबर सायकलवरून फेरी. मिळविलेला चिंचोका रागाच्या भरांत परत काढून घेऊं नये. महिन्यांच्या शेवटीं मिळणाऱ्या मोठ्या बक्षिसाचा या मुलांना उपयोग नाहीं, कारण महिन्याचा शेवट त्यांना दिसत नाहीं. शिक्षेचेंहि तसेंच. सकाळीं सातला केलेल्या अपराधाबद्दल संध्याकाळीं वडील कचेरींतून आल्यावर खटला चालविला, तर मुलाला वडिलांचा संताप तेवढा आठवतो, अपराध आठवत नाहीं.

आणि त्याला हलूं द्यावें. परवचा मांडी घालूनच म्हटला पाहिजे असें कोणी ठरविलें आहे? झोपाळ्यावर बसवावें, प्रत्येक झोक्याला पाढ्याची एक ओळ. मीं माझ्या नातवंडांत पाहिलें आहे कीं, पाय हलत असले म्हणजे डोकें अधिक स्थिर राहतें. पंगतीचीं ताटें मांडणें, पाणी वाढणें, अंगणांतील झाडांना पाणी घालणें, वरच्या मजल्यावरून चार वेळां निरोप पोंचविणें, हीं कामें अशाच मुलाला द्यावीं. चुलत भावाशीं तुलना त्याच्यादेखत करूं नये. आणि ज्या गोष्टीस आईनें 'नाहीं' म्हटलें ती आजीनें पदराआडून देऊं नये, हें मी आजी असून लिहितें आहें. लाडू देण्याची हौस मलाहि आहे. पण आईचा शब्द खरा ठरणें हें त्या लाडवाहून त्याच्या अधिक उपयोगी पडतें.

औषधाविषयीं पत्रांत भीत भीत विचारलें आहे. घरांत "मेंदूच्या गोळ्या" या शब्दांनींच गहजब झालेला दिसतो. सहा वर्षांखालील मुलांत प्रथम आईबापांनाच शिक्षण देतात, औषध नाहीं. त्यापुढें, अडचण मोठी असेल तर औषधाचा विचार होतो. हा मार्ग कालचा नव्हे. १९३७ सालीं अमेरिकेंत ऱ्होड आयलंड येथें चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरानें आपल्या रुग्णालयांतील मुलांना बेन्झेड्रीन देऊन पाहिलें, तों त्यांचा अभ्यास सुधारला; मुलांनींच त्या गोळ्यांना 'गणिताच्या गोळ्या' असें नांव ठेविलें. त्याच १९३७ सालीं मुंबईंत टाटा समाजकार्य विद्यालयानें बालमार्गदर्शन केंद्र काढलें, म्हणजे आपल्याकडेहि विचार चालूं झाला होता. १९४४ सालीं तयार झालेलें मेथिलफेनिडेट आजहि वापरांत आहे. त्यानें पुष्कळ मुलांत स्पष्ट फरक पडतो. सर्वांत पडतोच असें नाहीं. भूक मंदावते, झोप उशिरां लागते, म्हणून वजन, उंची व नाडी यांवर डॉक्टर नजर ठेवतात, आणि त्यांच्या लेखी सूचनेशिवाय ती गोळी सुरू करूं नये कीं बंद करूं नये. गोळीपूर्वीं भरपूर न्याहारी द्यावी, हें काम आजीचें. ब्राह्मीचें तेल डोक्याला चोळावयाचें तर खुशाल चोळावें, मुलाला तेवढा वेळ जवळ बसावयास मिळतें; पण औषधाच्या जागीं तें नव्हे. द्यावें कीं न द्यावें हें आईबापांनीं व डॉक्टरांनीं ठरवावें. यांत अकरा माणसांचीं मतें घेण्याचें कारण नाहीं.

शाळेचें थोडक्यांत सांगतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें मुलाला मारणें व त्याचा मानसिक छळ करणें या दोहोंस बंदी आहे, हें शिक्षकांस नम्रपणें ठाऊक करून द्यावें. या मुलांपैकीं अनेकांना वाचनाची, लेखनाची किंवा गणिताची निराळी अडचणहि असते; दुसरी-तिसरींत अक्षरें उलटसुलट होत असलीं तर तीहि तपासणी करावी. महाराष्ट्रांत १९९६ पासून अशा मुलांना शालान्त परीक्षेंत वाढीव वेळ, लेखनिक इत्यादि सवलती मिळतात, आणि दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यांत ज्या एकवीस प्रकारांची नोंद आहे त्यांत अध्ययनाची ही अडचण आहे. नुसत्या अवधानाच्या उणिवेचें नांव त्या यादींत नाहीं. म्हणून दोन्ही तपासण्यांचे कागद घरीं असावेत. मुंबईकडील मंडळींना शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयांत या तपासणीची सोय आहे.

आतां मुंजीचा प्रश्न. दोघांची ठरलेली मुंज एकाची करूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. आठ वर्षांचें मूल 'सुधारण्याची' वाट पाहत वर्षभर दाराआड उभें राहिलें, तर त्यास जें लागेल तें कोणत्याहि गोळीनें निघावयाचें नाहीं. शिवाय वडील मंडळी एक गोष्ट विसरलीं, ती आठवण करून देतें. गायत्रीचा उपदेश कसा करतात? बटूला समोर घेऊन, वर वस्त्र पांघरून, बाहेरचें कांहीं दिसूं नये अशा बेतानें. एकट्या पित्याचा आवाज, तोहि कानाशीं. आधीं एकेक चरण, तो मुलानें म्हणावयाचा, मग अर्धी ऋचा, मग सबंध. चंचल मुलाला कसें सांगावें याचें हल्लींच्या डॉक्टरांनीं जें शिक्षण त्या आईला दिलें असेल, त्यांत याहून निराळें फारसें नसेल.

गुरुजींना आधींच घरीं बोलावून सर्व सांगावें. बटूनें स्वतः बसणें कोणत्या विधींत अवश्य आहे तें त्यांच्याकडून लिहून घ्यावें. तें ऐकूं जातां वाटतें त्याहून थोडें निघतें. मधल्या वेळांत मुलाला बाहेर पळूं द्यावें, आणि बोलावून आणण्याचें काम एकट्या मामाकडे द्यावें. महिनाभर आधींपासून त्याला सर्व दाखवीत जावें. केस कापण्याचें यंत्र कसें घरघरतें, मुंजगवताची मेखला अंगाला कशी टोचते, होमाचा धूर डोळ्यांत कसा जातो. अशा पुष्कळ मुलांना आवाज, स्पर्श, वास आपल्याहून तीव्र लागतात, आणि अवचित आलेला स्पर्श तर मुळींच सोसत नाहीं. मेखलेखालीं मऊ कापड घ्यावें. मोठ्या भावाबरोबर दोनदां खोटी खोटी मुंज खेळून घ्यावी. भिक्षावळीची काळजी नको. चालावयाचें, प्रत्येकीपुढें थांबावयाचें, आणि झोळींत लगेच कांहीं पडावयाचें, यांत तो थोरल्यालाहि मागें टाकील. निरांजन तेवढें त्या दिवशीं उंचावर ठेवावें.

आणि हा अंक वाचून खालीं ठेवल्यावर आजोबांनीं नातवाला आजच हांक मारावी. जवळ घ्यावें, खांद्यावर हात ठेवावा, त्याच्या मुंजीची तिथि त्याला सांगावी, दुसरें कांहीं सांगूं नये, आणि ती तिथि एकदां त्याच्या तोंडून ऐकावी.